मी ज्या बाजूने बहिरा आहे

मी एक जुना मायक्रोफोन आहे आणि मित्रांनो, या काचेच्या कपाटात चाळीस वर्षं उभा राहूनही माझा राग निवलेला नाही.

माझ्या पोटात दोन चुंबकांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी आहे, केसाहून पातळ. आवाजाने ती थरथरते. समोरून आणि मागून मला सगळं ऐकू येतं. दोन्ही कडांनी मी जवळजवळ बहिरा. हा दोष नव्हे, माझी घडणच तशी. पण लंडनच्या एका रेडिओ स्टुडिओत तिचा गैरवापर झाला.

म्युरिएल पॅस्को समुद्रकाठच्या नाटकगृहांत वीस वर्षं लोकांना हसवून रेडिओवर आली. खानावळवाली, उमरावीण, पोपट, असे सात आवाज ती एकटी काढायची. पावलं वाजू नयेत म्हणून बूट काढून लोकरी मोज्यांवर उभी राहायची. स्टुडिओत समोर बसलेले प्रेक्षक हसून लोळत. कार्यक्रमाचा नायक डेस्मंड क्विल याला ते खुपलं. तिने कुठे उभं राहायचं त्याची खडूची खूण त्याने माझ्या कडेला सरकवली.

"बाई, मध्ये फार गर्दी होते."

"गर्दी तुमच्या पोटाची होते, क्विलसाहेब!"

तरी ती तिथे उभी राहिली. दोन आठवड्यांनी ग्रिम्स्बीहून तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं पत्र आलं. 'लोक हसतात ते ऐकू येतं, पोरी. तुझा आवाज येत नाही. तुला काढलं का गं?'

पत्र घेऊन ती आमच्या तंत्रज्ञाकडे, ह्यूबर्टकडे गेली. तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "त्या बाजूने याला ऐकू येत नाही, म्युरिएल. क्विलला ते माहीत आहे."

"आणि तुम्हालाही!"

"नायक आहे तो. मी काय बोलणार?"

पुढचा कार्यक्रम थेट प्रक्षेपणाचा होता. लाल दिवा लागला. म्युरिएलने दोन्ही हातांनी मला काटकोनात वळवलं. आता कडेला क्विल होता. त्याला हलता येईना, कारण बूट काढणं त्याला कमीपणाचं वाटे आणि त्याचे बूट करकरत. अर्धा तास तो माझ्या बहिऱ्या बाजूला ओरडत राहिला.

आईने लिहिलं, 'पोपटसुद्धा स्पष्ट ऐकला. मध्ये मध्ये पुटपुटणारा तो माणूस कोण?'

त्याच आठवड्यात म्युरिएलला काढून टाकलं. मग मी चालू आहे का हे बघायला क्विलने माझ्यात जोरात फुंकर मारली आणि माझी पट्टी फाटली. कपाटावरच्या पाटीवर मात्र 'डेस्मंड क्विल यांचा मायक्रोफोन' असं लिहिलंय. त्याचा?

मित्रांनो, कुणाचा आवाज क्षीण वाटला, तर त्याला उभं कुठे केलंय ते आधी पाहा. आणि ही पाटी बदला. मी ऐकलेला शेवटचा आवाज त्या फुंकरीचा आहे. निदान नाव तरी तिचं असू द्या.