दादाचं थांबणं

आमच्या चर्चमध्ये महिन्यातल्या एका रविवारी शास्त्रपाठ दादा वाचतो. वाचायचा, असं म्हणायला हवं; पण माझ्या जिभेला अजून ते वळण पडलेलं नाही.

दादा म्हणजे धाकटीचा मोठा भाऊ. ती त्याला दादा म्हणते म्हणून सगळी मंडळी म्हणते, वयाने त्याच्याहून बरीच मोठी असलेली मीसुद्धा. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिला कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासतो. गिऱ्हाइकांशी बोलायला पुढे दुसरा माणूस आहे, कारण दादा बोलताना अडखळतो. त्यातून 'प' आला की गाडी तिथेच. बाहेर लोकांना धीर नसतो, ते त्याचा शब्द स्वतःच पुरा करून टाकतात, आणि बऱ्याचदा चुकीचा करतात. मग दादा बसमधून भलत्याच स्टॉपवर उतरतो आणि मुकाट्याने चालत घरी येतो.

आमच्याकडे मात्र तसं चालत नाही. हे कुणी ठरवलं, कधी ठरलं, ठाऊक नाही. दादा वाचता वाचता अडला की सगळ्यांनी मान खाली घालून आपापल्या पुस्तकातल्या ओळीकडे बघत राहायचं. खोकायचं नाही, कुजबुजायचं नाही, शब्द पुरवायचा तर मुळीच नाही. मी चर्चचा ऑर्गन वाजवते आणि माझ्या तोंडाचा पट्टा कायम चालू असतो. मी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही अशी माझ्या सुनेची तक्रार असते. पण दादा अडला की मीही ऑर्गनवरचे हात मांडीवर घ्यायची, मान खाली घालायची आणि गप्प बसायची. शब्द यायचा तेव्हा यायचा. या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग आमची उपासना मोबाइलवर दिसायला लागली. ते सुरू झालं मास्तरीणबाईंसाठी. आमच्या अर्ध्या मंडळीला लहानपणी शास्त्र शिकवलेल्या या बाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्यासारखी आणखी पाचसहा माणसं होती. धाकटी जाहिरातींचे व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीत आहे. आज बेकरी, उद्या व्यायामशाळा. तिने एका स्टँडवर फोन लावला आणि चर्चचं पेज काढलं. मास्तरीणबाई पलंगावरून आमच्याबरोबर गायच्या आणि खाली कमेंटमध्ये लिहायच्या, 'ऑर्गन फार मोठ्याने वाजतोय.' मी चिडायची, पण बाई आहेत, ऐकताहेत, हे कळून बरंही वाटायचं. मी मोबाइलच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या दिवसांत ते यंत्र भलं काम करत होतं.

पुढे अनोळखी लोक बघायला लागले. आकडा वाढला आणि आम्ही हुरळलो. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहण्याआधी धाकटीकडे हळूच बघायचे, आणि ती बोटांनी आकडा सांगायची. आम्ही इकडे डोळे मिटून प्रार्थनेला बसलेले, आणि यांची ही खाणाखुणा!

तशात दादाचा रविवार आला. तो वाचायला लागला, अडला. आम्ही माना खाली घातल्या. धाकटीपुढच्या स्टँडवरल्या फोनवर मात्र कमेंटवर कमेंट पडत होत्या. 'अडकलं.' 'नेट गेलं का?' 'रिफ्रेश करून बघा.' मग कुणालातरी खरं काय ते कळलं आणि हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. 'याला कुणी उभं केलं?' असंही एकाने विचारलं. धाकटीने मला हे नंतर दाखवलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की तिचे कान लालभडक झाले आणि तिने फोन बंद केला. मंडळीला सांगितलं, नेट गेलं.

त्यानंतर लाइव्ह बंद. आता सगळं आधी रेकॉर्ड व्हायचं आणि धाकटी घरी बसून काटछाट करून दुपारी पेजवर टाकायची. दादाच्या पुढच्या पाठाची तिने वेगळी क्लिप केली. मागे मंद संगीत, समोर दादा, आणि दादा घडाघडा वाचतोय. एकेक थांबणं तिने निगुतीने कापलं होतं, डाळीतले खडे वेचावेत तसं. क्लिप बघून माझे डोळे भरून आले. मी अंगठा दाबला. सुनेला पाठवली, बहिणीला पाठवली. आमच्या मंडळीत क्लिप पाठवली नाही असा माणूस शोधून सापडला नसता. 'काय वाणी आहे!' असं परके लोक लिहीत होते आणि आम्ही खाली हात जोडत होतो.

फोन आला तो फक्त मास्तरीणबाईंचा. "अगं, तो थांबतो तिथे मीही थांबले, तर हा आपला पुढच्या वचनावर! दादाचं थांबणं कुठे गेलं?"

"अहो, मशीनचं काहीतरी झालं असेल," मी म्हटलं.

दादाने स्वतः ती क्लिप बघितली नव्हती. आपलाच आवाज ऐकणं त्याला नको वाटायचं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं चर्च आहे. तिथे सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना होणार होती. पाळकसाहेबांनी आनंदाने जाहीर केलं, की तिथल्या लोकांनी व्हिडिओ पाहिला आणि पाठ वाचायला खास आपल्या दादाला बोलावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता मला आठवलं, त्यांनी पाहिली ती काटछाट केलेली क्लिप.

उपासनेनंतर दादाने फाटकापाशी धाकटीला गाठलं. मी शेजारीच होते.

"त्यांनी ऐकलं माझं?" त्याने विचारलं. "ऐकून त... तरी ब... बोलावलं?"

मी धाकटीकडे बघितलं. ती आपल्या चपलांकडे बघत होती.

"हो दादा," ती म्हणाली.

त्या 'तरी'नंतर मी तोंड उघडायला हवं होतं. मला वाटलं, घरी गेल्यावर धाकटी सांगेल. धाकटीला वाटलं, पाळकसाहेब सांगतील. पाळकसाहेबांना वाटलं, हा घरातला मामला. दादा तिकडे नवा शर्ट घेऊन आला. दुकानात मशीन चालू करून तिच्या घरघरीत पाठ म्हणायला लागला. गेल्या कित्येक वर्षांत त्याला असं पाहिलं नव्हतं, असं दुकानाचा मालक मला सांगत होता, आणि मला चोरट्यासारखं होत होतं.

एकत्र उपासनेच्या दिवशी आम्ही पाळकसाहेबांच्या गाडीतून निघालो. दादा पुढे, आम्ही दोघी मागे.

"सांगितलंस?" मी धाकटीच्या कानात विचारलं.

"काकू, किती खूश आहे बघा ना तो."

"म्हणून तर विचारतेय."

"आज नीट वाचेल कदाचित," ती म्हणाली.

"वाचेल," मी म्हटलं. वाट्टेल ते बोलतो माणूस.

मोठं चर्च नावाप्रमाणे मोठं. पुढे भिंतभर पडदा, त्यावर वाचणाऱ्याचा चेहरा. सुरुवातीच्या ओळी दादाने छान वाचल्या. मग 'प' आला आणि तो अडला. सवयीने आमच्या माना खाली गेल्या. बाकी कुणाचीच गेली नाही. एक माणूस धावत आला, दादाच्या पुढचा माइक काढून 'हॅलो, हॅलो' करत दुसरा लावून गेला. दादाने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. पुढच्या रांगेतून कुणीतरी शब्द पुरवला. मग मागून दोघातिघांनी. मग सगळा हॉलच तो शब्द म्हणायला लागला, मोठ्याने आणि प्रेमाने, बाळाला बोलायला शिकवावं तसा. दादाला एवढ्या लोकांनी एकदम कधी मदत केली नव्हती. त्याचा आवाज बंदच झाला. शेवटी तिथले पाळक उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुस्तक आपल्याकडे घेतलं आणि उरलेला पाठ सुरेख आवाजात वाचून टाकला. दादा पायऱ्या उतरताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

खाली आल्यावर ते पाळक आमच्या पाळकसाहेबांना म्हणाले, "व्हिडिओत तर फार छान वाचतात हो. आज बरं नाहीये का त्यांना?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दादा हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने ते ऐकलं, धाकटीकडे एकदा बघितलं आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. चष्म्याचा स्क्रू ढिला झाल्याचं निमित्त होतं. तो मीच वाटेत नखाने ढिला केला होता. मागच्या खोलीत धाकटी उभी होती आणि दादा आमच्याकडे पाठ करून मशीनवर काच धरून बसला होता. मी आत आल्याचं त्याला कळलं, पण त्याने मला जा म्हटलं नाही.

"दाखव," तो म्हणाला.

"राहू दे ना दादा."

"दाखव."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने मशीन बंद केलं. खोलीत दादाचा आवाज ऐकू यायला लागला, झरझर, न अडखळता, मागे ते संगीत. संपल्यावर त्याने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर विचारलं, "हा क... कोण?"

धाकटीला रडू फुटलं. "लोक हसत होते रे तुला. मला सहन नाही झालं. तुझ्यासाठीच केलं मी."

दादाने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि अडला. मी जन्मभर त्याच्या शब्दांसाठी थांबत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा शब्द येऊच नये.

"माझ्यासाठी न... नाही," तो म्हणाला. "मी अडलो की तुम्ही कुणी माझ्याकडे ब... बघायचा नाहीत. मला वाटायचं, थांबताय माझ्यासाठी." त्याने फडकं घेऊन हातातली काच पुसली. "तुम्हाला बघवत नव्हतं."

'तुम्ही' म्हणाला तो. एकट्या धाकटीला नाही. "तसं नाही रे," असं धाकटी म्हणत राहिली, पुन्हा पुन्हा. पण तसं होतं की नव्हतं हे माझं मलाच सांगता येईना. क्लिप बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते कसलं? सुटलो एकदाचे, असंच ना?

चष्मा तसाच ढिला घेऊन मी घरी आले.

धाकटीने क्लिप काढून टाकली. पण ती माझ्या बहिणीच्या फोनमध्ये आहे, बहिणीच्या नणंदेच्या फोनमध्ये आहे, आणि परवाच कुणीतरी 'सुप्रभात' म्हणून मलाच पाठवली. चर्चच्या कमिटीने बैठक घेतली. लाइव्ह पुन्हा सुरू झालं, पण दुवा फक्त घरी अडकलेल्यांना जातो. कमेंट बंद, काटछाट बंद, आकडा कुणी विचारायचा नाही. हे नियम धाकटीनेच मांडले, खाली बघून. चांगले नियम आहेत. आधीपासून हवे होते.

दादाच्या रविवारी दादा उठला नाही. पाळकसाहेब पुस्तकाकडे बघत थांबले, आम्हीही थांबलो, मग त्यांनी स्वतःच वाचलं. आता तो शेवटच्या बाकावर बसतो आणि उपासना संपली की मास्तरीणबाईंकडे जाऊन त्यांना पाठ वाचून दाखवतो. बाई मला फोनवर सांगत होत्या, की त्या त्याला खुर्ची अगदी समोर ओढायला लावतात. तोंड दिसलं पाहिजे म्हणतात.

गेल्या रविवारी तो असाच निघाला होता. धाकटी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली. गाण्यांची पुस्तकं छातीशी धरून मी चार पावलांवर होते.

"दादा, मी येऊ का ऐकायला?" ती म्हणाली. "फोन घरी ठेवून येते."

दादा वळला. "न..." तो म्हणाला, आणि अडला.

शब्द कोणता ते तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. माझी मान आपोआप खाली जायला लागली. मी ती वर धरली. धाकटीही बघत होती. त्याचे डोळे घट्ट मिटले होते, हनुवटी थरथरत होती, मानेची शीर तट्ट फुगली होती, आणि एवढ्या लहानशा शब्दासाठी तो सगळ्या अंगाने झटत होता. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं.

"नको," दादा म्हणाला.

"बरं," धाकटी म्हणाली. तो रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली, आणि मीही.