लेलँडच्या पन्नास पुंगळ्या

अर्डिस टोलेफसनने अठ्ठावन्न वर्षांत कधी बंदूक हातात धरली नव्हती. घरोघरी बंदुका असलेल्या अमेरिकेतल्या मोंटानात जन्म काढून हे म्हणजे नवलच. पण तिची सारी उमर शाळेची बस चालवण्यात गेली आणि नवऱ्याला नाद होता तो मासे धरण्याचा. मग गावच्या अग्निशमन दलाच्या सोडतीत तिला चक्क रिव्हॉल्व्हर लागलं. तिकीट तिने घेतलं होतं ते पोरांना नवा बंब मिळावा म्हणून.

नणंद मर्ल तिला एका रविवारी चांदमारीच्या मैदानावर घेऊन गेली. सहाच्या सहा गोळ्या मातीच्या बांधात रुतल्या, निशाणाच्या कागदाला एकही शिवली नाही. तरी अर्डिस घरी आली ती गुणगुणतच. मात्र त्यानंतर दुकानात काडतुसंच मिळेनात.

“लेलँडकडे जा की,” मर्ल म्हणाली. “तो घरीच भरतो. शिसं वितळवून गोळ्यासुद्धा स्वतः ओततो.”

लेलँड क्विग्ली एकोणऐंशी वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त झालेला. खडीच्या रस्त्याच्या टोकाला राहायचा. दिवसभर गॅरेजमधल्या मेजापाशी असायचा आणि ओळखीपाळखीच्यांना भरलेली काडतुसं अशीच देऊन टाकायचा.

“मला रिव्हॉल्व्हरसाठी अडतीस नंबरच्या गोळ्या विकत हव्यात,” अर्डिस म्हणाली.

“गोळ्या की काडतुसं?”

“एकच ना ते?”

“बस चालवायचीस तेव्हा टायरलाच बस म्हणायचीस का गं?” म्हातारा हसला. त्याने मेजावर एक वापरलेली पितळी पुंगळी ठेवली, शेजारी शिशाची गोळी. “ही पुंगळी फेकायची नसते. बुडाची जळकी टिकली काढून नवी बसवायची, पोटात मोजून दारू आणि तोंडाशी ही गोळी. झालं काडतूस. गोळ्या विकत घेताना जाडी विचार आणि वजन विचार. आणि दारू किती, ते पुस्तकात बघायचं. माझ्या शब्दावर जायचं नाही.”

“तुमच्या शब्दावर का नाही?”

“कुणाच्याच नाही. गोळ्या देतो, पण आधी माझ्यासमोर पन्नास भर.”

तिने भिंतीवरचा एप्रन स्वतःच काढून घातला. मेजावरच्या टिकल्या बदलायच्या यंत्राची तरफ ओढायची, सोडायची. दहाएक पुंगळ्यांनंतर हाताला लय सापडली. दारू मात्र पहिल्या दिवशी लेलँडनेच घातली. लाकडी फळीच्या भोकांत पुंगळ्या उभ्या करून तो एकेकीत माप रिकामं करत गेला, आणि मधेच आपल्या कुत्रीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत राहिला.

“आता बॅटरी घे आणि सगळ्यांत डोकावून बघ,” तो म्हणाला. “हे कधी चुकवायचं नाही.”

अर्डिसने बघितलं. तिसऱ्या रांगेत ती थांबली.

“हिच्यात दारू जरा वर आलीय.”

“सावली असेल.”

“नाही हो. बाजूच्या बघा ना.”

लेलँड वाकला. एक डोळा मिटला, मग दुसरा. त्याने ती पुंगळी तराजूत रिकामी केली. काटा बरोबर दुपटीवर गेला. दुप्पट दारूने काडतुसं बसतात तो रिव्हॉल्व्हरचा गोल फुटतो, मग हाताची आणि डोळ्यांची खैर नसते. हे त्यानेच तिला तासाभरापूर्वी सांगितलं होतं.

त्याने पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांतली दारू डब्यात ओतून टाकली आणि स्टुलावर बसला.

“मला फरक दिसलाच नाही, अर्डिस. बॅटरी धरूनही नाही.”

“डोळ्यांत मोतीबिंदू आहे का?”

“वसंतापासून धूसर दिसतंय. हाताच्या सवयीवर चाललं होतं.” त्याने बोटांवर मोजलं. “उन्हाळ्यात मी पाच घरी काडतुसं दिलीत.”

अर्डिसने एप्रन सोडला. “चला. माझी गाडी बाहेरच आहे.”

दुपारभर ती दोघं फिरली. दर दारात लेलँड टोपी काढायचा आणि तेच वाक्य बोलायचा, “माझ्याकडून चूक झाली असेल, दिलेली सगळी परत दे.” रॉस्को पेटिबोनने थट्टा केली, “काय रे, देऊन परत घेतोस? मुलगी दिली असतीस तर?” लेलँड हसला नाही. मग रॉस्कोही डबा आणायला आत गेला. एका घरची काडतुसं सगळी उडवून झाली होती, कुणाला काही झालं नव्हतं. बाकी चार घरांची मिळून दोनशे सव्वीस गोळा झाली.

“नुसती वजनं करून चालणार नाही?” अर्डिसने विचारलं.

“पितळ कमीजास्त असतं, त्यात दारूचा फरक लपतो. सगळी उघडायची.”

त्यासाठी त्याच्याकडे पोकळ हातोडा होता. काडतूस आत अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी आणि दारू सुटून हातोड्यातच पडायची. तीन दिवस अर्डिस रोज जेवणानंतर येऊन ठोकत आणि दारू तोलत राहिली आणि लेलँड हाताला लागेल तशा गोळ्या वेगळ्या करत राहिला. एकशे ऐंशीव्या काडतुसाच्या आसपास तिचा हात थांबला. तिने तराजू त्याच्या जवळ सरकवला. ह्यातलीही दारू दुप्पट होती. डबा रॉस्कोचा होता.

लेलँडने टोपीने तोंड पुसलं. “त्याची नातसुद्धा त्याच रिव्हॉल्व्हरने नेम धरते,” एवढंच म्हणाला.

ऑक्टोबरात अर्डिस त्याला मोतीबिंदू काढायला बिलिंग्ज शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. आधी एक डोळा झाला, तीन आठवड्यांनी दुसरा. वाटेत दोघांनी चेरी-पाय हा फळं भरलेला भाजका गोड पदार्थ खाल्ला. तो गोड जास्त झालाय की नाही यावर त्यांचं भांडणही झालं.

नोव्हेंबरच्या एका कोरड्या दुपारी ती मैदानावर उभी राहिली. पुस्तक बघून, मोजून, डोकावून स्वतः भरलेली सहा काडतुसं गोलात होती. लेलँड मागे खुर्चीवर बसला होता. चार गोळ्या बांधात गेल्या, दोन कागदाला लागल्या. एक तर अगदी काठावर.

“काठावरची दिसली का?” तिने वळून विचारलं.

“दिसली,” लेलँड म्हणाला. “पण मनगट वाकडं होतंय तुझं. पुन्हा भर.”