अंगरखा सुटला तेव्हा

मी सोन्याचा कण बोलतोय. सोनं म्हटल्यावर कान टवकारलेत ना? कशाला उगीच! माझ्यासारखे लाखो एका थेंबात मावतात. सराफ मला दारातही उभं करायचा नाही.

तुळजापूरच्या एका कॉलेजात अश्लेषाबाईंनी मला घडवलं. वर बारीकसा लेप चढवला, तोच माझा अंगरखा. औषध घेऊन पेशीच्या भिंतीला नुसतं टेकायचं, आत घुसायचं नाही, एवढंच माझं काम. "आत गेलास तर तुला बाहेर कसं काढू, मलाच माहीत नाही बाबा," असं त्या बाटलीशी बोलायच्या. एकट्यानं काम करणाऱ्यांना ही खोड असतेच.

माझ्या सरावासाठी त्यांनी खोट्या पेशी केल्या होत्या. पाण्यात तरंगणारे चरबीचे बुडबुडे. भिंत अगदी खऱ्यासारखी, आत मात्र कुणीच नाही. मी टेकलो की ती भिंत ओल्या पापडासारखी खचायची, मला लपेटू बघायची आणि अंगरखा लागला की सोडून द्यायची. आत कुणी नसताना हे मला ओढतंय कोण? लई भ्यायचो मी.

खंडेनवमीला बाईंच्या आई, उमाबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. लेकीच्या अवजारांची पूजा नको का? प्रत्येक यंत्राला त्यांनी हळदकुंकवाची बोटं ओढली, माझ्या उघड्या बाटलीच्या तोंडालासुद्धा. चिमूटभर कुंकू आत पडलं आणि त्यातल्या चुन्यानं माझा अंगरखा सुटला. बाटलीतल्या पाण्यानं उमाबाईंची बोटं ओली झाली होती, त्या ओलीत मीही होतो. त्यांनी भक्तिभावानं तीच डोळ्यांना लावली.

"आई! अगं, काय केलंस हे?"

"काय केलं? पाया पडले तुझ्या कामाच्या."

बाईंनी आईचा डोळा धू धू धुतला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा. पण मी तोवर डोळ्यातल्या एका पेशीच्या आत गेलो होतो. इथल्या भिंतीनं मला लपेटलं ते सोडलंच नाही. आणि इथं आत कुणीतरी आहे. ते माझ्याभोवती फिरतं, मला चाचपतं.

आता रोज सकाळी बाई बॅटरी घेऊन आईची पापणी ओढतात.

"टोचतंय का गं?"

"टोचत नाही. आतून कुणीतरी बघतंय, अश्लेषा."

बाईंचे डोळे भरून येतात. त्यांचा चेहरा मला अगदी जवळ दिसतो. मी जीव तोडून ओरडतो, "बाई, मला घुसायचं नव्हतं! मला बाहेर काढा!"

बाईंना ऐकू येत नाही. उमाबाई मात्र दचकतात.