किरण वर गेला

चुंबक जवळ नेला की किरण खाली वळेल, असं मेधाने फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं. तिने चुंबक नेला आणि किरण वर गेला.

शहरातल्या कोठी भागातल्या त्या मुलींच्या कॉलेजात कॅथोड किरणांची नळी नुकतीच आली होती. आयातीचे नियम सैल झाले म्हणून आली, नाहीतर अर्ज धूळ खात पडला असता. अशाच नळीतून इलेक्ट्रॉनचा शोध लागला, हे मेधा पुण्याहून लग्न होऊन आल्यापासून नुसतं तोंडी शिकवत होती. यंदा निम्म्या मुली कॉम्प्युटर क्लासच्या मागे लागलेल्या. उरलेल्यांना डोळ्यांनी काही दिसावं, म्हणून तिने खिडक्यांना काळे पडदे लावून घेतले होते.

मुली एकदा फळ्याकडे बघत, एकदा नळीकडे.

मेधाने तारा तपासल्या. त्या नीट होत्या. डाव्या हाताची बोटं काटकोनात धरून तिने नियम पुन्हा लावला. इलेक्ट्रॉन ऋण, म्हणजे प्रवाह उलटा धरायचा. तरी नियमाने किरण खालीच जायला हवा होता. इतकी वर्षं आपण भलतंच शिकवलं की काय, असं तिला वाटून गेलं.

मग चुंबकाच्या रंगाचा संशय आला. उत्तर टोकाला लाल रंग तिनेच होकायंत्र बघून दिला होता. तिने तेच होकायंत्र काढलं, तर रंग बरोबर निघाला. खात्रीसाठी दुसरं काढलं, तर चूक निघाला. दोन्ही टेबलाच्या दोन कडांना ठेवली, तर सुयांची तोंडं एकमेकींच्या विरुद्ध. आता खरं कुणाचं मानायचं?

मागच्या बाकावरून रेणू उठली. जवळच्या मलकपेठची, घरी मराठी आणि बाहेर दख्खनी उर्दू बोलणारी. "मॅडम, उत्तर दिशा कुठंय ते सुईला कायको विचारायचं? बाहेर सूरज आहे ना."

दोन्ही होकायंत्रं घेऊन सगळ्या व्हरांड्यात गेल्या. सकाळचं ऊन समोरून येत होतं, म्हणजे डाव्या हाताला उत्तर, हे कळायला वेळ लागला नाही. रंग देताना वापरलेल्या जुन्या होकायंत्राचं लाल टोक चक्क दक्षिण दाखवत होतं. कपाटात चुंबकाशेजारी पडून पडून सुईच उलटली होती. किरण बरोबर होता, रंग चुकला होता. मेधाने मुलींना तसं सांगून टाकलं आणि तिच्या जिवात जीव आला.

पण रेणूचं संपलं नव्हतं. इलेक्ट्रॉन इकडे जातात, तर प्रवाह तिकडे का दाखवायचा, असं तिने विचारलं. मेधाने सांगितलं की इलेक्ट्रॉन सापडण्याआधीच लोकांनी दिशा ठरवून टाकली होती.

"मग सापडल्यावर बदलली का नाही?"

"खरं सांगू? मला नाही माहीत," मेधा म्हणाली.

मधल्या सुट्टीत तिने तोच प्रश्न रसायनशास्त्राच्या हिम्मतरावांपुढे टाकला. त्यात काय आहे, म्हणत त्यांनी डब्याच्या झाकणावर ओल्या बोटाने बाण काढून समजवायला घेतलं. अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी बाण पुसला, उलटा काढला, तोही पुसला. मग त्यांनी झाकणच मेधापुढे सरकवलं.