हिराबाई मावशीची दुपार

आमच्या चिंचणीत घरोघरी डाय बनतात, म्हणजे दागिन्यांचे पोलादी साचे. माझीही ऐरण ओटीवरच. भिंतीला भिंत लागून हिराबाई मावशी राहते. पहाटे तीनला उठून ती मासळी घ्यायला जाते, बाजार उरकून दुपारी एकला येते आणि चटईवर आडवी होते. माझं ठोकायचं काम नेमकं तेव्हाच, कारण कोरायला सकाळचा उजेड लागतो.

यंदा मोठे साचे आले, तसा हातोडाही मोठा आला. आठवडाभरानं मावशी दारात उभी राहिली. डोळे लाल.

"नविन, मी झाईला लेकीकडं चालले. हितं डोळा लागत नाय."

मी पडलो तापट. "जा की!" म्हणालो. ती वळली तेव्हा जीभ चावली. आई गेल्यावर हिच्याच ताटात मी वाढलो. ही गेली तर या गल्लीत माझं म्हणावं असं कोण उरणार?

त्याच संध्याकाळी मी मधल्या भिंतीला गोणपाटं ठोकली. एकावर एक, चार थर. दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी भरून निरोप घ्यायला आली, गोणपाटं बघितली आणि हसत सुटली.

"आजार म्हशीला नि औषध पखालीला! अरे, मी काय भिंतीवर झोपते? आवाज जमिनीतून येतो." तिनं फरशीवर तळहात टेकवला. "बोटीत नांगराखाली काय ठेवतात?"

"जुनं जाळं."

ती घरात गेली आणि तिच्या नवऱ्याचं, जिव्याकाकांचं जाळं घेऊन आली. काका गेल्यापासून चार वर्षं ते आढ्याला टांगलेलं होतं. कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

"मावशी, हे नको."

"टांगून टांगून त्याला तरी कुटं झोप हाय? उचल ऐरण."

घड्या तिनंच घातल्या, सावकाश, एकेक गाठ चाचपत. मग घरी जाऊन पडली. पिशवी माझ्याच ओटीवर राहिली.

मी भीत भीत ठोका मारला. धप्प. आणखी दहा मारले आणि थांबून भिंतीला कान लावला. काहीच कळेना. मग एकेक करून चारही गोणपाटं काढली.

मावशी घोरत होती. मी डोळे पुसले आणि हातोडा उचलला.