पाठमोरे स्वामी

"मागं वळायचं नाही, गोदू. काही झालं तरी वळायचं नाही," अण्णा पुन्हा म्हणाले.

"आणि काकूला कळलं तर?"

"कळेल कसं? पाठच तर दिसणार."

आक्षीच्या पुळणीवर ऊन कलत होतं. सुरूच्या बनात गोदू भगवी छाटी अंगाभोवती घट्ट धरून उभी होती. तिचं विधवेचं तांबडं आलवण काळूरामच्या बैलगाडीत घडी करून ठेवलेलं होतं. धाकट्या विधवा बहिणीला असं उभं करताना अण्णांना शरम वाटत होती, पण सिनेमाच्या ध्यासापुढे माणसाची शरम टिकतेच किती? दोन पावसाळे त्यांनी एका स्वामींच्या चरित्राच्या सिनेमामागे घालवले होते. आता फक्त शेवट राहिला होता. स्वामी समुद्रात चालत जातात आणि दिसेनासे होतात, एवढाच.

स्वामी झालेला मुंबईचा नट हिवतापानं फणफणून रेवसहून बोटीनं निघून गेला होता. चंदर फोटोग्राफरला उसना आणलेला कॅमेरा घेऊन उद्या सकाळच्या बोटीनं जायचं होतं. पाठमोरं चालायला कुणीही चाललं असतं, फक्त डोकं तुळतुळीत हवं. अण्णांची स्वतःची पाठ म्हणजे नारळांनी भरलेलं पोतं, तिचा उपयोग नव्हता. काळूरामला विचारलं, तर तो दोन पावलं मागे सरला.

"माजा बा जिता हाय, अण्णा. डोई कशी भादरू?"

ज्यांचे बाप गेले होते तेही तयार होईनात. जिवंतपणी मरणाचं सोंग कोण घेईल? घरात मात्र एक डोकं आधीच भादरलेलं होतं.

आनंदीकाकूंनी गोदूला बजावून ठेवलं होतं, त्या सिनेमावाल्यांच्या आसपास दिसलीस तर काशीला धाडीन. काकू बोलायच्या तसं करायच्या. काशीला गेलेली नात्यातली एक बाई पुढे कुणालाच दिसली नव्हती.

"चल, ऊन जातंय," चंदर ओरडला.

गोदू दंड हातात घेऊन निघाली. उघड्या डोक्यानं ती न्हावी सोडून कुणासमोरच बसली नव्हती. आता वारा सरळ डोक्याला लागत होता. भीती वाटत होती, तरी तो वारा तिला फार बरा वाटला. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. मागे कॅमेऱ्याचं हँडल फिरत होतं. पाणी कमरेला लागलं तेव्हा अण्णा ओरडले, "बास, गोदू. थांब." ती आणखी थोडी पुढे गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या माघात अलिबागला देवळाच्या पटांगणात पडदा बांधला. संताचं चरित्र म्हणून काकूही आल्या आणि चटई-तांब्या वाहायला गोदूला घेऊन आल्या. ती मागे भिंतीला टेकून बसली. सबंध वेळ तिनं काही पाहिलंच नाही. ती नुसती शेवटाची वाट पाहत होती. लहानपणी पाय मोडल्यापासून ती डावं पाऊल किंचित फेकून टाकी, हे तिला आत्ता इथं आठवलं. अण्णांना आठवलं नव्हतं आणि तिलाही त्या दिवशी सुचलं नव्हतं. ओसरीवर कुणाची पावलं वाजतात हे काकू माजघरातून सांगत.

पडद्यावर समुद्र आला. छाटीतली ती पाठ चालू लागली आणि डावं पाऊल फेकलं गेलं. काकू पुढे वाकल्या. गोदू भिंतीला आणखी चिकटली. झालं, आता काशी.

काकूंनी हात जोडले. मग कपाळ जमिनीला टेकवलं. त्यांच्यामागून पटांगणातली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि त्या भादरलेल्या डोक्याला नमस्कार करू लागली. कुणीतरी रडत होतं.

दिवे लागल्यावर काकूंनी अण्णांना गाठलं. त्यांचे डोळे ओले होते.

"शेवटचा कोण रे तो? चालणं किती निःसंग. आधीचा तो नव्हे."

अण्णांनी एकदा गोदूकडे पाहिलं.

"मुंबईचाच एक नट, काकू."

"ब्राह्मण असेल ना?"

"हो."

"मग पुन्हा आला की घरी आण त्याला. पंगतीत पहिलं पान त्याचं. मी माझ्या हातानं वाढीन."

अण्णा मान खाली घालून बरं म्हणाले. गोदूची भीती गेली होती आणि तिच्या जागी राग आला होता. अण्णांचा, काकूंचा, तिथं हात जोडून उभ्या राहिलेल्या साऱ्यांचा. एकदा वळायला हवं होतं, असं तिला वाटलं.

"गोदे, ती चटई घे. आणि पदर नीट घे, सगळी माणसं आहेत," काकू म्हणाल्या.

तिनं पदर कपाळावर ओढला, चटई गुंडाळून काखेत धरली, आणि पुन्हा आपली पाठ दिसू नये म्हणून त्या दोघांना पुढे जाऊ दिलं.