अलकनंदाबाईंचं उजवं मनगट

डिसेंबर २०१०. आयर्लंडमधल्या लेटरकेनीत सगळीकडे बर्फ, आणि अलकनंदाबाई दारातच घसरल्या. मनगट मोडलं. उजवं.

एक्स-रे पाहताच डॉक्टर सुनेत्राच्या मनात उत्तर तयार: प्लास्टर. तिने ते गिळलं. पुण्यात असती तर गोष्ट इथेच संपली असती. डॉक्टरने सांगायचं, पेशंटने मान डोलवायची. इथे मात्र दोन्ही वाटा समोर मांडायच्या.

प्लास्टर: कापाकापी नाही. सहा आठवडे हात अडकलेला. हाड थोडं वाकडं जुळेल.

प्लेट: ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी, भूल, जखम चिघळण्याचा थोडा धोका. हात लवकर मोकळा.

वर्षभरानंतर: बहुधा दोन्ही सारखंच.

"तुझ्या आईला झालं असतं तर काय केलं असतंस?" अलकनंदाबाईंनी आपल्या माणसांचा हुकमी प्रश्न टाकला.

"माझी आई हाताने काय काय करते ते मला ठाऊक आहे, काकू. तुमचं नाही."

"काही नाही हो," मुलगा रुपेश मध्येच म्हणाला. "घरीच असते. प्लास्टर ग्रँड आहे, मस्त चालेल. ह्या वयात कशाला उगाच..."



"काही नाही?" बाई सावकाश त्याच्याकडे वळल्या. "मग इथल्या बायकांचे ब्लाउज काय तू शिवतोस?"

"आई, तो तुझा छंद..."

"छंद म्हणे! फेब्रुवारीत माझ्या मैत्रिणीच्या श्रावणीचं लग्न आहे स्लायगोला. पाच ब्लाउजांचं कापड बेतायचंय, ते तूच काप. आणि तोवर माझी वेणी कोण घालणार? तू?"

रुपेशने खुर्ची मागे ओढली. बाई सुनेत्राकडे वळल्या.

"डॉक्टर, वाकडं म्हणजे दिसायला की कामाला?"

"मुख्यतः दिसायला."

"दिसण्याचं सोड. फेब्रुवारीत कात्री धरेन?"

"प्लेटने शक्यता जास्त. पण शब्द देणार नाही. आणि ऑपरेशनचा धोका खरा आहे."

बाई सुजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. सुनेत्राच्या जिभेवर प्लास्टर होतंच. तिने ते पुन्हा गिळलं. हे तिला आता जमत होतं.

"प्लेट," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"आई, नीट विचार..."

"केला. तू गाडीत हीटर लावून बस." मग सुनेत्राला, "भूल पूर्ण देणार की नुसती हाताला?"

"दोन्ही होऊ शकतं."

"म्हणजे तेही मीच ठरवायचं?"

"हो, काकू."

"बरं," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "सांग, दोन्हीत काय काय होतं ते."